उज्जैनची गाडी आणि विसरलेली गादी

गेल्या श्रावणात ताईकडे उज्जैनला जाऊन आलो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. जन्म फोंडा महालातला, संसार पुण्यात, आणि निवृत्तीनंतर आता मुलापाशी उज्जैनच्या फ्रीगंज भागात राहते. भाच्याची नोकरी इंदूरला. रोजचे जाऊन-येऊन शंभराहून जास्त किलोमीटर तो स्वतः गाडी चालवतो, आणि त्याला त्याचा कंटाळा नाही. उलट, गाडी हीच त्याची हौस. श्रावणी सोमवारची महाकाळाची सवारी एकदा येऊन बघ, असे ताई मला चार वर्षे सांगत होती. शेवटी योग आला.

शनिवारी सकाळी सांदीपनी आश्रम आणि मंगलनाथ बघायला आम्ही तिघे निघालो. भाचा गाडी सुरू करून बसलेला, मी त्याच्या शेजारी. ताई फाटकापर्यंत आली, थबकली आणि "थांबा हं, उशी विसरले" म्हणत परत जिना चढून गेली. भाच्याने उगाच एकदा हॉर्न वाजवला. "आईचे हे नेहमीचेच, मामा," तो हसून म्हणाला. ताई कापसाची जुनी उशी घेऊन आली, मागच्या सीटवर ठेवली आणि तिच्यावर बसली.

गाडी चार महिन्यांपूर्वी त्याने 'बसवून' घेतली होती. म्हणजे कंपनीचे मूळ स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून बाजारातला कॉइलओव्हरचा संच घातला होता. गाडी जमिनीला चांगली चाळीस मिलिमीटर जवळ आली होती. वळणावर ती झुकत नव्हती, नव्वदच्या वेगात रुळावरून चालल्यासारखी चालत होती. पुढे बसून मलाही ती आवडली. पण गावातल्या खडबडीत रस्त्याला लागलो आणि मागून 'धप्प' असा आवाज येऊ लागला. प्रत्येक धप्पबरोबर ताईचा श्वास अडकल्यासारखा ऐकू यायचा.

दुपारी स्वयंपाकघरात तिने मला हळूच सांगितले, "तीन महिने मी महाकाळाला गेले नाही रे. गाडीत बसले की दोन दिवस कंबर धरते. त्याला बोलू नकोस हां. त्याने हौसेने एवढा खर्च केलाय." आणि त्याआधी तासाभरापूर्वीच भाचा मला म्हणाला होता, "आई आता कुठे बाहेर पडत नाही मामा, वय झाले तिचे."

मंडळी, एका घरात राहणारी दोन माणसे, एकच गाडी, आणि दोघांचे दोन समज! मी विचारात पडलो. पण माझ्या मनात घोळत होती ती उशी. कारण गाडीची गादी विसरली म्हणून परत जाणे, ही गोष्ट उज्जैनमध्ये पहिल्यांदा घडत नव्हती.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाची उज्जयिनी आपल्याला परकी नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी १८८७ च्या सुमारास ते संगीत नाटक म्हणून मराठीत आणले, आणि आपल्या गोव्यात तर देवळांच्या उत्सवी रंगमंचावर चारुदत्त-वसंतसेना पिढ्यान्‌पिढ्या वावरले. चारुदत्ताचे दारिद्र्य, वसंतसेनेचे प्रेम, शकाराचा माज हे सगळे आपल्या लक्षात राहते. पण त्या नाटकाचा सहावा अंक जरा गाड्यांच्या बाजूने वाचून बघा.

वसंतसेना चारुदत्ताच्या घरी रात्र राहिली आहे. तिला पुष्पकरंडक उद्यानात न्यायला चारुदत्ताचा गाडीवान वर्धमानक बैलगाडी जुंपून आणतो. आणि आणल्यावर त्याला आठवते, की गाडीत अंथरायची गादीच आपण विसरलो. बैल वेसणीने अस्वस्थ झालेले, त्यांना सोडून जाता येत नाही. म्हणून तो गाडी घेऊनच गादी आणायला परततो. तेवढ्यात शकाराचा गाडीवान स्थावरक तिथे येतो. गावाकडच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला असतो. (ट्रॅफिक जाम हीसुद्धा उज्जैनला नवी गोष्ट नाही!) कुणाचे तरी चाक अडकले म्हणून हात लावायला तो आपली गाडी चारुदत्ताच्या बागेच्या दाराशी उभी करून उतरतो. वसंतसेना येते, समोर उभ्या असलेल्या गाडीत बसते, आणि सरळ शकाराच्या तावडीत जाते. इकडे वर्धमानक गादी घेऊन परत येतो. त्या गाडीत चढतो तुरुंगातून पळालेला आर्यक. त्याच्या पायातली बेडी खणखणते, वर्धमानकाला ते पैंजण वाटतात. हाच आर्यक पुढे पालक राजाला मारून गादीवर बसतो आणि वधस्तंभाकडे निघालेला चारुदत्त वाचतो.

म्हणजे एक गादी विसरली, आणि दुसऱ्या गादीवरचा राजा बदलला. आपण नाटक बघताना हा योगायोग समजून पुढे जातो. मला मात्र त्या दिवशी प्रश्न पडला तो साधा होता. वर्धमानकाला गादी इतकी महत्त्वाची का वाटली?

उत्तर गाडीच्या रचनेत आहे. बैलगाडीला स्प्रिंग नसते. आपल्याकडचा छकडा घ्या, दमणी घ्या, नाहीतर भाताच्या पेंढ्या वाहणारा गाडा घ्या, कणा थेट साट्याखाली बसवलेला असतो. चाक दगडावर चढले की तो दगड कण्यातून, साट्यातून निघून बसणाऱ्याच्या मणक्यात पोचतो. वाटेत त्याला अडवायला लाकडाची थोडीशी लवचिकता, दोऱ्यांची वीण आणि खाली अंथरलेला पेंढा, एवढेच. श्रीमंताच्या गाडीत पेंढ्याऐवजी गादी. आज आपण ज्याला सस्पेन्शन म्हणतो ते उज्जयिनीच्या त्या गाडीत फक्त वर्धमानकाच्या काखेत होते.

याच नाटकात दुसरा एक गाडीमालक आहे. आठव्या अंकात स्थावरक उद्यानाशी पोचतो तेव्हा शकार त्याला गाडी पडक्या भिंतीवरूनच आत घालायला सांगतो. बैल मरतील, गाडी मोडेल, मीही मरेन, असे स्थावरक विनवतो. शकाराला त्याचे काय! तो राजाचा मेहुणा. बैल दुसरे घेऊ, गाडी दुसरी करू, गाडीवान दुसरा मिळेल, असा त्याचा हिशेब. एका गाडीचा नोकर न बसलेल्या बाईसाठी गादी आणायला उलटा जातो, आणि दुसऱ्या गाडीचा मालक बसलेल्या माणसाचा विचार न करता भिंतीवरून हाकायला सांगतो. वाहनांचा सगळा इतिहास या दोन गाड्यांच्या मध्ये कुठेतरी चालत आला आहे, असे मला वाटते.

गाडीचा धक्का टाळायचा तर चाकच काढून टाकायचे, हा एक जुना उपाय. पालखी म्हणजे तेच. इथे माणूस दांडीला टांगलेला असतो आणि धक्के पचवण्याचे काम भोयांचे खांदे, गुडघे आणि पावले करतात. सराईत भोई सैनिकांसारखे पावलाला पाऊल मिळवून चालत नाहीत. तसे चालले तर सगळ्यांचा हेलकावा एकाच वेळी पडतो आणि आतला माणूस उसळतो. ते आखूड, घसटत्या पावलांनी चालतात, म्हणजे एकाचा झोल दुसऱ्याच्या झोलात जिरतो. आपल्याकडे भाटकारांच्या घरांतून माचील असायची, तिचेही तत्त्व हेच. सुख बसणाऱ्याचे, धक्का भोयाचा. मराठेशाहीत तर पालखी हा मान होता. ती हौस म्हणून कुणालाही मिरवता येत नसे, सरकारातून मिळावी लागे.

आणि इथे उज्जैन आणि गोवा यांचा एक धागा सापडतो, तो आपल्या वाचकांना सांगितलाच पाहिजे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळवा मराठ्यांकडे आला आणि उज्जैन राणोजी शिंद्यांकडे. राणोजींचे दिवाण होते रामचंद्रबाबा, म्हणजे रामचंद्र मल्हार सुखटणकर. शेणवी घराण्यातले, मंगेशाचे निस्सीम भक्त. आज आपण महाकाळेश्वराचे जे देऊळ बघतो ते उभारण्याचे श्रेय त्यांचे. आणि १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी गाव श्रीमंगेश संस्थानला इनाम दिला तोही याच सुखटणकरांच्या सांगण्यावरून. मंगेशीला दर सोमवारी पालखी निघते. उज्जैनलाही श्रावणातल्या सोमवारीच महाकाळ पालखीत बसून प्रजेची विचारपूस करायला निघतो. उत्तरेचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो, पण सवाऱ्या त्यांच्या भाद्रपदाच्या वद्य पक्षापर्यंत, म्हणजे आपला श्रावण संपेपर्यंत चालतात. उज्जैनच्या देवाने दोन्ही पंचांगे सांभाळली आहेत.

पण पालखीने जग चालत नाही. चाकाला शहाणपण शिकवणे भाग होते. युरोपात आधी बग्गीची पेटी चामड्याच्या पट्ट्यांनी टांगली. 'सस्पेन्शन' या शब्दाचा मूळ अर्थच टांगणे. मग पोलादाच्या कमानी आल्या. १६७८ मध्ये रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने स्प्रिंगचा नियम छापून प्रसिद्ध केला. जेवढा भार तेवढी ती दबते, दुप्पट भाराला दुप्पट. आज कॉइलओव्हरच्या खोक्यावर जो किलो प्रति मिलिमीटरचा आकडा लिहिलेला असतो तो हुकच्याच नियमाचा. १८०४ साली लंडनच्या ओबाडाया इलियटने पोलादी पाट्यांच्या दोन कमानी समोरासमोर जोडून लंबगोल स्प्रिंग केली आणि बग्ग्या हलक्या झाल्या. इंग्रजांबरोबर ती विद्या हिंदुस्थानात आली. आपल्या टांग्याखाली जे पाटे दिसायचे ते याच कुळातले. गंमत बघा, आपले मिस्त्री 'पाटे' म्हणतात, माळव्यातले 'कमानी'. आपण वस्तू कशाची बनली ते बघितले, त्यांनी ती कशी वाकते ते!

पाट्यांचा एक गुण असतो. पाट्यावर पाटा घासतो आणि त्या घर्षणात उसळी थोडी मरते. वेटोळ्याच्या स्प्रिंगेत हे घर्षण जवळजवळ नसते. ती दबते आणि घेतलेले सगळे परत करते. नुसत्या वेटोळ्यावर ठेवलेली गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ झोपाळ्यासारखी वरखाली होत राहील. म्हणून तिच्याबरोबर डॅम्पर लागतो, ज्याला आपण शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणतो. खरे तर धक्का घेते स्प्रिंग. डॅम्पर त्या उसळीला तेलाच्या बारीक छिद्रांतून जायला लावतो आणि तिची उष्णता करून टाकतो. लांब पल्ल्यानंतर हात लावून बघा, गरम लागेल.

अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याने स्प्रिंग, डॅम्पर आणि चाक वळवण्याचा आधार हे सगळे एकाच उभ्या खांबात बसवले. १९५० साली ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्ड कन्सलमध्ये ही रचना होती. आपल्या रस्त्यावर मात्र पुष्कळ वर्षे जुनेच राज्य चालले. अँबॅसडरला मागे पाटे आणि पुढे पीळ खाणारी पोलादी दांडी. पद्मिनीला पुढे वेटोळी स्प्रिंग, मागे पाटेच. पणजीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत सहा-सात माणसे कोंबून केलेले प्रवास आठवतात ना? गाडी जहाजासारखी डुलायची, पण कंबर धरायची नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांना मॅक्फर्सनचा खांब घेऊन आली. आज आपल्या बहुतेक लहान-मध्यम गाड्यांच्या पुढे तोच आहे.

कॉइलओव्हर म्हणजे याच विचाराचा पुढचा टप्पा. डॅम्परच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर फिरणारी एक कडी, आणि त्या कडीवर स्प्रिंग बसते. कडी खाली घेतली की गाडी खाली, वर घेतली की गाडी वर. खाली दुसरी कडी पहिलीला जखडून ठेवते. डॅम्परच्या टोकाला बहुधा एक खुंटी असते, ती टक-टक फिरवली की आतली तेलाची वाट अरुंद किंवा रुंद होते. शर्यतीच्या गाड्यांना हे हवे असते, कारण प्रत्येक शर्यतीचा रस्ता वेगळा. कंपनीच्या स्प्रिंगेत असे काही फिरवता येत नाही. तो तोल कंपनीने हजारो किलोमीटर गाड्या चालवून, आपटून आधीच ठरवलेला असतो. उज्जैनपासून दोन-अडीच तासांवर पिथमपूरला यासाठीच मोठा चाचणी प्रकल्प आहे. २०२१ मध्ये तिथे ११.३ किलोमीटरचा वेगवान गोल मार्ग सुरू झाला, आणि त्याच आवारात खडबडीत पृष्ठभागांचे मार्गही आहेत. तिथले खड्डे मुद्दाम, मोजून केलेले. आपल्याकडचे मात्र उत्स्फूर्त!

त्या रात्री जेवताना मी ताईच्या वतीने एक शब्द बोललो नाही. फक्त सहाव्या अंकाची गोष्ट सांगितली. वर्धमानक, गादी, अस्वस्थ बैल, सगळे. मग स्थावरक आणि भिंतही सांगितली. भाचा आधी हसत होता. मग हसायचा थांबला. भात कालवता कालवता त्याने विचारले, "आई, तू उशी कधीपासून घेतेस गो?"

ताई म्हणाली, "असेच, सवय."

"कधीपासून?"

"फेब्रुवारीत नाही घ्यायचे," ती म्हणाली. संच बसला होता मार्चअखेर.

रविवारी सकाळी आम्ही त्याच्या ओळखीच्या मिस्त्रीच्या गॅरेजात होतो. सोबत ताईलाही घेतले. संच बसवल्यावर भाच्याने गाडीची उंची टेपने मोजून वहीत लिहून ठेवली होती, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत, चारही कोपऱ्यांत. माणूस तसा नीटनेटका. पण मोजली होती रिकामी गाडी. ताईला मागे बसवून पुन्हा मोजायला मीच सांगितले. तिच्या शेजारी मी बसलो, पुढे मिस्त्री. गाडी मागून वहीतल्या आकड्याच्या आणखी दोन सेंटिमीटर खाली गेली.

मग त्याने आणखी एक गोष्ट केली, ती मला फार आवडली. मागच्या डॅम्परच्या चकचकीत दांड्यावर प्लॅस्टिकची एक बारीक पट्टी आवळून बांधली. गाडी जेवढी दबेल तेवढी नळी त्या पट्टीला वर ढकलते आणि पट्टी तिथेच राहते. म्हणजे साक्षीदारच! आम्ही त्याच रस्त्याने एक चक्कर मारून आलो. ताईच्या तोंडून दोनदा "देवा!" निघाले. गाडी जॅकवर घेतली तर पट्टी पार वर जाऊन रबराच्या गुट्ट्याला चिकटलेली. हा गुट्टा म्हणजे स्प्रिंगची हद्द संपल्यावर लागणारी शेवटची भिंत. गाडी इतकी खाली घेतली होती की मागे माणसे बसल्यावर दबायला जागाच उरत नव्हती. धप्प आवाज त्याचा होता. ताई चार महिने स्प्रिंगेवर बसलीच नव्हती, ती भिंतीवर बसली होती.

त्यात भर डॅम्परची. बत्तीस टकांपैकी चोविसाव्या टकेवर तो कडक ठेवलेला. महामार्गाला ते ठीक. पण माळव्यातली काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, आणि तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा होतो. आरामशीर गाडीचा सांगाडा सेकंदाला एक-दीड वेळा वरखाली होतो, ते माणसाला पाळण्यासारखे वाटते. स्प्रिंग कडक केली की हा वेग दोनच्या पुढे जातो, आणि वर डॅम्परही आवळला की रस्त्याचा बारीक, जलद थरकाप जसाच्या तसा सीटपर्यंत येतो. बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला चार ते आठ कंप सर्वांत जास्त जाणवतात. हे सारे चालकालाही जाणवते, पण कमी, कारण तो दोन कण्यांच्या मधोमध बसतो आणि त्याच्या हातात सुकाणू असते, पुढचा खड्डा त्याला आधी दिसतो. मागचा माणूस जवळजवळ मागच्या चाकांवर बसतो, आणि त्याला काहीच दिसत नाही.

मिस्त्रीने आकडीचा पाना घेतला, जखडकडी सोडली. या गाडीच्या मागे स्प्रिंग आणि डॅम्पर वेगवेगळे बसतात, संचाचे नाव कॉइलओव्हर असले तरी. मागची उंची तीस मिलिमीटर वर आणली, पुढची वीस. दोन्ही बाजू सारख्या आहेत की नाही ते टेपने पुन्हा पुन्हा बघितले, आणि या वेळी ताई मागे बसलेली. डॅम्परची खुंटी आठव्या टकेवर आणली. पूर्वी कुणीतरी खालच्या हातांचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असतानाच आवळले होते. त्यामुळे त्यांतली रबरे कायमची पिळलेल्या अवस्थेत राहिली होती. ते सैल करून, गाडी चाकांवर उभी करून पुन्हा आवळले. उंची बदलली की पुढच्या चाकांची दिशाही बदलते, म्हणून अलाइनमेंट पुन्हा करायला हवी, नाहीतर टायर एका कडेने झिजतात. हेडलाइटचा झोतही बदलतो, तोही पुन्हा जुळवला.

तिथेच मी भाच्याला कायद्याचेही विचारले. सहाव्या अंकात राजमार्गावर वीरक आणि चंदनक गाडी अडवून तपासतात, तसे आजही होऊ शकते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितले आहे. तेव्हा असले काही करण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारून घेणे शहाणपणाचे. चंदनकासारखा मित्र प्रत्येक नाक्यावर भेटत नाही. भाच्याने मान डोलावली. "मूळ स्प्रिंगा माळ्यावर आहेत मामा," एवढेच म्हणाला.

गतिरोधकाचा हिशेबही त्याने तिथेच मांडून बघितला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. कंपनीने गाडीखाली ठेवलेली साडेसोळा सेंटिमीटर जागा त्याने साडेबारावर आणली होती. त्यात माणसे बसली की आणखी कमी. आणि मापाचे गतिरोधक किती असतात ते आपण सगळे जाणतोच. चतुर्थीला ही गाडी घेऊन गोव्यात यायचा त्याचा बेत आहे, अकराशे किलोमीटरच्या आसपास. मी त्याला म्हटले, येताना आटे साफ करून त्यांवर ग्रीस लावून ये. आपल्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात त्या कड्या अशा धरतील की पुन्हा फिरवायच्या म्हटल्या तर छिन्नी लागेल.

संध्याकाळी पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. या वेळी भाचा मागे बसला, ताईच्या शेजारी, आणि गाडी मिस्त्रीने चालवली. वळणावर गाडी पूर्वीपेक्षा थोडी झुकली. भाच्याचा चेहरा जरा पडला, मी आरशात बघितले. पण धप्प आवाज आला नाही. रस्त्याचे खडे अजून कळत होते. संचाची स्प्रिंग मुळातच कंपनीच्या स्प्रिंगेपेक्षा कडक, ती कडी फिरवून मऊ होत नाही. ते त्यालाही कळले. "चतुर्थीच्या आधी मागच्या दोन जुन्या घालून बघतो," तो म्हणाला. "नाहीतर चारही."

"नको रे, आता बरे वाटते," ताई म्हणाली.

"तू गप्प बस आई. तू चार महिने बरेच म्हणत होतीस."

सोमवारी सवारीला गर्दी अफाट. गाडी बरीच अलीकडे ठेवून आम्ही चालत गेलो. ढोल, झांजा, भस्म, फुलांचा पाऊस, आणि माणसांच्या डोक्यांवरून हलके हलके येणारी ती पालखी. मी देवाआधी खांदेकऱ्यांचे पाय बघत होतो. ताई हात जोडून उभी होती. क्षिप्रेकडे पालखी वळली तेव्हा ती मला म्हणाली, "मंगेशीची आठवण आली बघ." मला रामचंद्रबाबा आठवले होते.

परत येऊन गाडीत बसलो. घरातून निघताना उशी आणायला ताई थांबली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. म्हटले, चला, विसरली. तर भाच्याने मागच्या सीटखाली हात घातला आणि उशी काढून तिच्यापुढे धरली. त्यानेच सकाळी आणून ठेवली होती.